आलिशान गाड्या आरामाच्या मागे लागून हँडलिंग विसरल्या का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांसारख्या गाड्या घेणारे, घेऊ पाहणारे आणि नुसतेच त्यांच्यावर प्रेम करणारे वाचक जे प्रश्न फिरून फिरून पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे जरा अडचणीचे. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

१. हँडलिंग चांगलं म्हणजे नेमकं काय? गाडी वेगात पळते तेच ना?

नाही. सरळ रस्त्यावरचा वेग इंजिन देतं. हँडलिंगचा प्रश्न येतो स्टिअरिंग वळवल्यावर, जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा वळणात मधोमध खड्डा आल्यावर. गाडी तुम्ही म्हणाल तेव्हा आणि म्हणाल तेवढीच वळते का, वळताना एका अंगावर किती कलते, पुढची चाकं घसरायला लागली तर ते हाताला आधी कळतं का, हे सगळं हँडलिंगमध्ये येतं.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पकड, म्हणजे टायर रस्ता किती घट्ट धरतात. दुसरी जाण, म्हणजे त्या पकडीपैकी किती उरली आहे हे चालवणाऱ्याला किती कळतं. पहिली यंत्राने मोजता येते. दुसरी हाताला आणि बैठकीला कळते. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा उलगडा या फरकातच आहे.

२. आराम हवा तर हँडलिंग जाणारच, असं का म्हणतात?

गाडीचं वजन स्प्रिंगांवर तोललेलं असतं. स्प्रिंग मऊ असली की चाक खड्ड्यात गेलं तरी वरची बॉडी फारशी हलत नाही. पण तीच मऊ स्प्रिंग वळणात दबते, गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि ब्रेक मारला की नाक खाली जातं. स्प्रिंग कडक केली की कलणं थांबतं आणि प्रत्येक गचका पाठीत येतो. आरामासाठी बांधलेल्या गाडीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एकदा वरखाली होते, स्पोर्टी गाडीची दीड ते दोन वेळा. माणसाच्या शरीराला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांचा, आणि कडक गाडी नेमके तेच हादरे जास्त आत येऊ देते.

अँटी-रोल बारचंही असंच आहे. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी ही पोलादी दांडी जाड केली की वळणात गाडी कमी कलते. पण एकाच बाजूच्या चाकाखाली खड्डा आला तर तो धक्का दांडीतून दुसऱ्या बाजूलाही पोचतो. कडेला उखडलेल्या रस्त्यावर गाडी सरळ जात असूनही आपलं डोकं डावीकडून उजवीकडे झुलत राहतं, ते यामुळे.

म्हणजे ओढाताण खरी आहे. मात्र तिचा निकाल एकाच बाजूने लागायला हवा असं काही नाही. स्प्रिंग मऊ ठेवून तिचं हिंदकळणं आवरणारे शॉक अब्सॉर्बर अचूक जुळवणं हा जुना आणि उत्तम मार्ग आहे (प्रश्न १२ पाहा).

३. लांबण न लावता सांगा: कंपन्यांनी हँडलिंग सोडलंय की नाही?

पकड सोडलेली नाही, ती वाढली आहे. आजची साधी आलिशान सेडान ओल्या रस्त्यावर जितक्या वेगाने सुखरूप वळते, तितक्या वेगाने तीस वर्षांपूर्वीची स्पोर्टी गाडीही वळली नसती. गेली आहे ती जाण, आणि तिच्याबरोबर हलकेपणा. माझ्या मते याचं खापर आरामावर फोडणं चूक आहे. इलेक्ट्रिक स्टिअरिंग, वाढतं वजन, मोठी चाकं आणि मागच्या सीटवर बसणारा मालक ही चार कारणं पुढच्या पाच प्रश्नांत घेतली आहेत.

४. नव्या गाड्यांचं स्टिअरिंग ‘मेलेलं’ आहे असं जुने लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

आहे, आणि त्याचं कारण यांत्रिक आहे. जुन्या पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने मदत करायचा. रस्त्याचा खडबडीतपणा, टायरवरचा ताण यातलं बरंच काही त्या तेलातून गाळून का होईना, पण हातापर्यंत पोचायचं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये मदत मोटर करते आणि ती किती करायची हे संगणक ठरवतो. अभियंत्याला नकोसे वाटणारे हादरे तिथेच दाबले जातात, आणि त्यांच्याबरोबर उपयोगाची माहितीही.

बीएमडब्ल्यूच्या थ्री सीरिजवर हा आरोप सगळ्यात जास्त झाला तो २०११ मध्ये सादर झालेल्या, एफ३० या सांकेतिक नावाच्या पिढीच्या वेळी. त्या पिढीत सरसकट इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं, सस्पेन्शनही मवाळ झालं, आणि चालवण्यासाठीच जिची ओळख होती ती गाडी अनेकांना परकी वाटली. त्याच वर्षी पोर्शच्या ९११ ने ९९१ पिढीत हाच बदल केला आणि तिथेही नाराजी उमटली. २०१८ मध्ये आलेल्या जी२० थ्री सीरिजमध्ये बीएमडब्ल्यूने सस्पेन्शन पुन्हा घट्ट केलं. चाक जितकं जास्त वरखाली जाईल तितका विरोध वाढवणारे शॉक अब्सॉर्बर दिले. गाडीचा डौल परतला. स्टिअरिंग झटपट आणि अचूक आहे, पण रस्त्याचं वर्तमान सांगण्यात ते जुन्या ई४६ पिढीच्या जवळपासही नाही.

तेलावरचं स्टिअरिंग परत येणार नाही. इलेक्ट्रिक स्टिअरिंग इंधन वाचवतं, आणि लेन सांभाळणं, आपोआप पार्क होणं या सोयी त्याच्याशिवाय जमत नाहीत.

५. वजनाचा एवढा बाऊ का करतात? इंजिनंही तेवढीच ताकदवान झाली आहेत की.

ताकद सरळ रेषेत वजनाची भरपाई करते. वळणात आणि ब्रेकिंगमध्ये तसं होत नाही, तिथे प्रत्येक किलोचा भार टायरांवरच पडतो. १९८२ ची ई३० थ्री सीरिज चार सिलिंडरच्या रूपात टनाच्या आसपास होती. आजच्या थ्री सीरिजमधली ३३०आय दीड टनाच्या घरात आहे. ही वाढ उगाच झालेली नाही. अपघातात प्रवासी वाचवणारा सांगाडा, एअरबॅग, आवाज रोखणारे थर, मोटरवर हलणाऱ्या सीट, आणि मुळात गाडीचा वाढलेला आकार, या सगळ्याचं हे वजन आहे.

टोकाचं उदाहरण हवं असेल तर बीएमडब्ल्यूची एम५ घ्या. एफ९० पिढीची एम५ बाजारात आली तेव्हा तिचं वजन १,८५५ किलो होतं. २०२४ ची जी९० हायब्रिड आहे आणि तिचं वजन २,४३५ किलो. तिची ताकद ७२७ पीएस आहे आणि ती विजेसारखी सुटते. पण एवढं वजन वळणात ताब्यात ठेवायचं तर स्प्रिंग आणि बार कडक करावेच लागतात, आणि मग आरामासाठी महागडी यंत्रणा वर बसवावी लागते. वजन हँडलिंग आणि आराम दोन्ही खातं, म्हणूनच मला ते या सगळ्यातलं मोठं दुखणं वाटतं.

६. मोठ्या अलॉय व्हीलमुळे हँडलिंग सुधारतं ना? टॉप व्हेरिएंटमध्ये १९ इंची मिळतात.

थोडंफार सुधारतं. त्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती शोरूममध्ये दिसत नाही.

टायरवरचे आकडे वाचायला शिका. ई४६ थ्री सीरिजच्या साध्या मॉडेलवर १९५/६५ आर१५ मापाचे टायर असायचे. १९५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर उंचीची रबराची भिंत रिम आणि रस्ता यांच्या मध्ये होती. २२५/४५ आर१८ वर ती १०१ मिलिमीटर होते. २५५/३५ आर१९ वर जेमतेम ८९. खड्ड्याचा पहिला मार ही भिंत झेलते, स्प्रिंगची पाळी नंतर येते. भिंत बुटकी असली की टायर वळणात कमी मुरडतो, स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो. पण धारदार कडेच्या खड्ड्यात तोच टायर रिम आणि डांबर यांच्यात चिमटला जातो, आणि मग टायरला फुगवटा येतो किंवा रिमला चीर जाते.

शिवाय मोठं रिम बहुतेक वेळा जड असतं, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. पायात जड बूट घालून पळावं तसं सस्पेन्शनचं होतं: चाक वर उचललं गेलं की पटकन खाली येऊन रस्ता धरत नाही. खडबडीत वळणावर म्हणूनच मोठ्या चाकांची गाडी कधीकधी पकडही गमावते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांपैकी सर्वांत लहान रिम घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घाला. गाडी फोटोत जरा कमी रुबाबदार दिसेल. रोज चालवताना मात्र आरामही वाढेल आणि स्टिअरिंगमधला शहाणपणाही.

७. रन-फ्लॅट काढून साधे टायर घालू का?

रन-फ्लॅट टायरची भिंत आतून जाड आणि ताठ असते. हवा गेली तरी साधारण ८० किमी ताशी वेगाने ८० किमीच्या आसपास जाता येतं, म्हणून अनेक गाड्यांत स्टेपनीच नसते. त्या ताठपणाची किंमत प्रत्येक सांध्यावर आणि गचक्यावर मोजावी लागते. साधे टायर घातल्यावर गाडी लगेच मवाळ वाटते, हे खरं. पण रात्री आंबोली घाटात पंक्चर झालं तर काय, याची सोय आधी करा: हवेचा छोटा पंप, पंक्चर किट, जमल्यास स्टेपनी. चारही टायर एकाच प्रकारचे हवेत, आणि वॉरंटीवर परिणाम होतो का हे डीलरकडून लेखी घ्या.

८. भारतात लांब व्हीलबेसच्याच गाड्या का येतात? इथे कुणाला चालवायचं नसतं का?

चालवणारे आहेत, पण मागे बसणारे जास्त आहेत. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर; ते वाढवलं की मागे पायांना जागा मिळते. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात ई-क्लास बनवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ही गाडी घेणारा बहुधा ड्रायव्हर ठेवणारा उद्योजक, डॉक्टर, बिल्डर राहिला आहे. २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची ई-क्लास आली. उजव्या स्टिअरिंगच्या बाजारांत ती सर्वांत आधी भारताला मिळाली आणि ती चाकणच्या कारखान्यात तयार होते. साध्या ई-क्लासपेक्षा तिचा व्हीलबेस १४० मिलिमीटर जास्त होता. २०२४ च्या नव्या पिढीचा ३,०९४ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूची फाइव्ह सीरिज इथे ३,१०५ मिलिमीटरच्या लांब रूपात आली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो थ्री सीरिजचा बदल. २०२१ च्या जानेवारीत तिची लांब आवृत्ती भारतात आली. युरोपातली थ्री सीरिज २,८५१ मिलिमीटर, इथली लांब २,९६१. जगभर विकल्या जाणाऱ्या सध्याच्या साध्या ई-क्लासचा व्हीलबेसही २,९६१ मिलिमीटरच आहे. चालवण्यासाठी ओळखली जाणारी लहान सेडान इथे व्हीलबेसमध्ये साध्या ई-क्लासएवढी झाली, कारण गिऱ्हाइकाला मागे गुडघ्यांना जागा हवी होती. तक्रार करायचीच असेल तर कंपनीइतकीच आपल्या आवडीनिवडीबद्दलही करायला हवी. चीनमध्ये हेच आपल्या आधी घडलं.

तरी दार बंद झालेलं नाही. २०२१ च्या मार्चमध्ये बीएमडब्ल्यूने थ्री सीरिजमधलीच एम३४०आय इथेच जुळवून विकायला आणली, ती नेहमीच्या व्हीलबेसवर. ज्याला स्टिअरिंगमागे बसायचं आहे त्याने तिकडे वळावं.

९. लांब व्हीलबेसची गाडी घाटात खरंच जड जाते का?

थोडी जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढलं की वळायला जास्त जागा लागते आणि गाडी दिशा जरा सावकाश बदलते. आंबेनळीसारख्या घाटातल्या केसाच्या पिनेसारख्या वळणांवर हे जाणवेल, द्रुतगती मार्गावर अजिबात नाही. उलट तिथे फायदाच आहे: लांब गाडी उंचवट्यावरून जाताना पुढेमागे कमी हिंदकळते.

खरी अडचण गतिरोधकांची. भारतीय मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असेल तर कुठलीही सेडान अलगद जाते. गावोगावी बांधलेले अरुंद, उभे ढिगारे मात्र लांब गाडीच्या मधल्या भागाला घासतात. ते तिरके ओलांडायची सवय ड्रायव्हरला लावा.

मोठ्या गाड्यांत मागची चाकंही वळवण्याची सोय आली आहे. २०२० च्या एस-क्लासमध्ये ती १० अंशांपर्यंत वळतात. कमी वेगात पुढच्या चाकांच्या उलट दिशेने वळल्यामुळे गाडी वळायला लागणारी जागा जवळपास २ मीटरने कमी होते, आणि जास्त वेगात त्याच दिशेने वळल्यामुळे स्थैर्य वाढतं. आराम न गमावता हँडलिंग सुधारणारी ही दुर्मीळ गोष्ट आहे.

१०. माझ्या गाडीत ‘स्पोर्ट’ मोड आहे. तो लावला की सस्पेन्शन कडक होतं ना?

गाडीत अडॅप्टिव्ह, म्हणजे आपला कडकपणा बदलू शकणारे शॉक अब्सॉर्बर असतील तरच. नसतील तर ‘स्पोर्ट’मध्ये ॲक्सिलरेटर जास्त तत्पर होतो, गिअर उशिरा बदलतात, स्टिअरिंग जड होतं. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर होते तसेच राहतात. स्टिअरिंग जड झालं म्हणजे जास्त सांगायला लागलं असंही नाही. मोटरने मदत कमी केली, इतकंच. घेण्याआधी आपल्या व्हेरिएंटच्या यादीत अडॅप्टिव्ह सस्पेन्शन लिहिलंय का ते तपासा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

अडॅप्टिव्ह प्रकारांतला एक फार सुंदर आहे. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये चुंबकीय शॉक अब्सॉर्बर आले. त्यांच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात. वीज सोडली की ते ओळीत उभे राहतात, तेल घट्ट होतं आणि क्षणार्धात शॉक अब्सॉर्बर कडक होतो. पुढे ऑडीने टीटी आणि आर८ मध्ये, फेरारीने ५९९ मध्ये हेच तंत्र वापरलं.

११. ॲक्टिव्ह सस्पेन्शनमुळे ही ओढाताण कायमची मिटेल का?

बरीचशी मिटते आहे, भरपूर पैसे मोजणाऱ्यांसाठी. अडॅप्टिव्ह सस्पेन्शन फक्त विरोध कमीजास्त करतं. ॲक्टिव्ह सस्पेन्शन स्वतः जोर लावून चाक उचलतं किंवा दाबतं. मर्सिडीजने २०१३ च्या एस-क्लासमध्ये कॅमेऱ्याने पुढचा रस्ता वाचून सस्पेन्शन आधीच तयार ठेवण्याची सोय दिली. २०२२ च्या फेरारी पुरोसांग्वेमध्ये प्रत्येक शॉक अब्सॉर्बरला ४८ व्होल्टची मोटर आहे आणि अँटी-रोल बारच नाहीत, त्यामुळे प्रश्न २ मधला डोकं झुलण्याचा त्रास मुळातच जातो. २०२३ च्या अखेरीस सादर झालेल्या पोर्श पॅनामेराच्या हायब्रिड मॉडेलांना मिळणारी यंत्रणा वळणात गाडीला आतल्या बाजूला कलवू शकते, मोटारसायकलस्वार कलतो तशी.

जाण मात्र यातून परत येत नाही. गाडी कललीच नाही, नाक खाली गेलंच नाही, तर आपण मर्यादेच्या किती जवळ आहोत याच्या खुणाही पुसल्या जातात. आराम मिळाला, पकड मिळाली, आणि चालवणारा थोडा आणखी दूर गेला. शिवाय वॉरंटी संपल्यावर या यंत्रणेचा खर्च सोपा नसतो. जुन्या एअर सस्पेन्शनवाल्या गाडीची हवेची पिशवी गळायला लागली की रात्रभरात एक कोपरा खाली बसतो, हे सेकंड-हँड घेणाऱ्याने सकाळी गाडी सुरू करण्याआधीच बघून ठेवावं.

१२. जुन्या गाड्यांत दोन्ही होतं, असं वडीलधारे सांगतात. खरंच होतं, की आठवणीच गोड असतात?

काही गाड्यांत खरंच होतं. १९६८ ची जॅग्वार एक्सजे६ हा याचा नमुना. तिच्या सस्पेन्शनचे अभियंते बॉब नाइट यांनी सस्पेन्शन आणि बॉडी यांच्यामध्ये रबराचे सांधे असे बसवले की रस्त्याचा आवाज आणि थरथर आत येऊ नये, पण चाकांची दिशा ढळू नये. शांत, मऊ आणि तरी वळणात तोल न सोडणारी ती सेडान पुढच्या कित्येक वर्षांसाठी मापदंड ठरली.

लोटसचे कॉलिन चॅपमन दुसऱ्या टोकाकडून याच जागी पोचले. गाडी इतकी हलकी ठेवायची की कडक स्प्रिंगची गरजच पडू नये. मऊ स्प्रिंग, त्यांना आवरणारे नेमके शॉक अब्सॉर्बर, लहान चाकं. १९६० च्या दशकातली लोटस एलान खराब रस्त्यावरही अंग मोडत नसे.

या गाड्या आज अपघात-चाचणीला टिकल्या नसत्या, हेही तितकंच खरं. त्यांचं वजन परत आणता येणार नाही. त्यांच्यातली समज आणता येते.

१३. हँडलिंगवर जीव टाकणाऱ्या कंपन्या उरल्याच नाहीत का?

प्रयत्न होत आले आहेत. कॅडिलॅकने २०१२ मध्ये थेट थ्री सीरिजला भिडण्यासाठी एटीएस काढली. हलकी, चपळ, मनापासून बनवलेली गाडी होती. मागे जागा कमी होती. सेडान २०१८ मध्ये बंद झाली. जॅग्वार एक्सईची गोष्टही तशीच, ती २०२४ मध्ये संपली. अल्फा रोमिओ जुलिया आणि जेनेसिस जी७० या त्याच जातीच्या, पण दोन्ही आपल्याकडे अधिकृतपणे मिळत नाहीत. परीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या गाड्यांकडे गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, की पुढचं मॉडेल मवाळ होणारच.

१४. एसयूव्ही उंच असूनही कडक का लागतात?

उंच आहेत म्हणूनच. वजनाचा मध्य वर गेला की गाडी जास्त कलते, तिला आवरायला स्प्रिंग आणि बार कडक करावे लागतात, आणि वर २०-२१ इंची चाकं दिली जातात. परिणामी त्याच कंपनीची, त्याच किमतीची सेडान बहुतेक वेळा जास्त आरामशीर असते आणि जास्त चांगली वळते. महागड्या एसयूव्हींत यावर उपाय म्हणून मोटरवर चालणारे अँटी-रोल बार आले: बेंटली बेंटायगा, ऑडी एसक्यू७. सरळ रस्त्यावर ते ढिले राहतात आणि वळणात ताठ होतात.

खड्ड्यांसाठी आणि चढ-उतारासाठी एसयूव्ही घेत असाल तर रास्त आहे. आरामासाठी घेत असाल तर आधी सेडानमध्ये मागे बसून या.

१५. इलेक्ट्रिक गाड्यांत हे चित्र बदलेल का?

बॅटरी जमिनीलगत असते, त्यामुळे गाडी कमी कलते. ही जमेची बाजू. पण वजन पुन्हा वाढतं: बीएमडब्ल्यू आय४ दोन टनांच्या पुढे जाते, आणि ते वजन प्रश्न ५ मधलेच परिणाम घडवतं. सपाट वळणात इलेक्ट्रिक गाडी रुळावर असल्यासारखी जाते, आणि तुटक्या रस्त्यावर तिचा जडपणा उघडा पडतो. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी लवकर प्रतिसाद देते, म्हणून घसरण सावरण्याचं काम संगणक फार बारकाईने करू शकतो. बीएमडब्ल्यूने सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या आयएक्स३ मध्ये मोटर, ब्रेक आणि स्टिअरिंगचं नियंत्रण एकाच संगणकाकडे दिलं आहे, ते यासाठीच.

१६. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा. मग हँडलिंगचा उपयोग काय?

रोज उपयोग होतो, फक्त वेगासाठी नाही. समृद्धी महामार्गावर १२० ला जाताना पुढे अचानक ट्रकच्या टायरचा तुकडा दिसला, की एका झटक्यात डावीकडे आणि लगेच परत उजवीकडे यावं लागतं. त्या दोन झटक्यांत मऊ गाडीचा हेलकावा पहिल्या वळणाचा दुसऱ्यात मिसळतो आणि मागचा भाग सुटतो.

१९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका वाहन नियतकालिकाने घेतलेल्या अशाच चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली होती. मर्सिडीजने सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी ही घसरण सावरणारी यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये दिली. लहान गाड्यांपर्यंत ईएसपी पोचायला त्या घटनेने मोठा जोर दिला. घाटात ६० च्या आतही, पावसाळ्यात ताम्हिणीत डांबरावर चिखल आणि पाला आलेला असताना, प्रश्न १ मधली जाण कामी येते.

१७. म्युनिकला भावाची थ्री सीरिज चालवली. इथली तशी वाटत नाही. नाव तेच, मग गाडी वेगळी का?

नाव तेच असलं तरी सस्पेन्शनची जुळवणी, चाकांचं माप, टायर आणि व्हीलबेस वेगळे असू शकतात. तिथे गिऱ्हाईक एकेक पर्याय निवडून गाडी मागवतो आणि बरेचजण अडॅप्टिव्ह सस्पेन्शन घेतात. इथे ठरावीक व्हेरिएंट येतात. परदेशी परीक्षणं वाचताना ‘चाचणीच्या गाडीला काय काय लावलं होतं’ ही ओळ आधी शोधा. दुसरं म्हणजे रस्ता: ऑटोबानच्या सलग पृष्ठभागावर जे सस्पेन्शन शांत वाटतं, ते आपल्याकडच्या सिमेंटच्या रस्त्यावर दर सांध्याला ठोके देत राहतं.

१८. गाडी एवढी मऊ, तरी मुलीला घाटात गाडी लागते. असं का?

गाडी मऊ आहे म्हणूनही असू शकतं. गाडी लागते ती बारीक हादऱ्यांनी नव्हे. सेकंदाला एकापेक्षाही कमी, संथ झुलण्याने पोट ढवळतं, समुद्रात होडी झुलते तेव्हा होतं तेच. मऊ सस्पेन्शनची गाडी वळणावळणाला सावकाश कलते आणि सावकाश सरळ होते, त्यात मागे बसलेल्या मुलाला पुढचा रस्ता दिसत नाही. अडॅप्टिव्ह सस्पेन्शन असेल तर घाटात ‘कम्फर्ट’ऐवजी ‘स्पोर्ट’ लावून पाहा. अनेकांना उलटं वाटतं, पण कलणं कमी झाल्याने बरं वाटतं. नसेल तर वळणाआधी वेग कमी करा आणि वळणात ब्रेक टाळा.

१९. घेतली तेव्हा गाडी रस्ता धरून जायची, चार वर्षांत डुलायला लागली. कंपनीने हलकं सामान वापरलं का?

बहुधा नाही. आपल्या रस्त्यांवर शॉक अब्सॉर्बर आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबराचे बुश लवकर झिजतात, आणि हे इतकं हळूहळू होतं की मालकाला कळत नाही. ब्रेकवर स्टिअरिंग किंचित ओढलं जाणं, गतिरोधकानंतर एकापेक्षा जास्त हेलकावे येणं, टायर आतल्या कडेने झिजणं ही लक्षणं. शॉक अब्सॉर्बर जोडीने बदला, बुश तपासा, मग अलाइनमेंट करा. आधी अलाइनमेंट केलीत तर ती टिकणार नाही. नवे टायर घालून भागवू पाहाल तर तेही तसेच झिजतील.

२०. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघावं?

शोरूमच्या बाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावरून एक चक्कर मारून काही कळत नाही. एक खराब रस्ता, एक उड्डाणपूल आणि एक मोठं वळण येईल असा मार्ग स्वतः ठरवा. टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणात लिहिलेल्या आकड्याएवढी आहे का ते आधी पाहा; कमी हवेने गाडी खोटी मऊ वाटते. उड्डाणपुलाच्या सांध्यावर ४०-५० च्या वेगाने कान देऊन ऐका: एकच दबका ठोका चांगला, ठोक्यामागून थरथर आली तर चाकं त्या गाडीला मोठी आहेत. मोठ्या वळणात स्टिअरिंग एकदाच वळवून स्थिर धरा आणि मध्ये दुरुस्ती करावी लागते का बघा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मागे कुणी नाही याची खात्री करून एकदा जरा जोरात ब्रेक दाबा.

मग मागे बसा आणि तोच रस्ता विक्रेत्याला चालवायला लावा. घरातलं जे माणूस रोज मागे बसणार आहे, आई असो, सासरे असोत, त्यांना बरोबर न्या. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला टॉप व्हेरिएंटची मोठी चाकं असतील आणि तुम्ही खालचं व्हेरिएंट घेणार असाल, तर त्याच मापाच्या चाकांची गाडी मागवल्याशिवाय बुकिंग करू नका.